दाण्याएवढं विमान

लष्करातला जुना सोबती मा देओकसू याचं पत्र येऊन नऊ वर्षं झाली, तरी प्योंगसिक आजोबांनी उत्तर धाडलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता: 'त्या दिवशी सरावात तू विमानविरोधी तोफ का डागली नाहीस?' त्या चुकीपायी अख्ख्या तुकडीची सुट्टी रद्द झाली आणि देओकसूची आईशी शेवटची भेट राहून गेली. भित्रेपणा, हे उत्तर आजोबांना ठाऊक होतं. फक्त लिहवत नव्हतं.

आज नात नुरीला जेवायला बोलवायला ते गल्लीतल्या पीसी-बांगमध्ये, म्हणजे संगणकावरचे खेळ खेळायच्या दुकानात, शिरले. पडद्यावर तिची तोफगाडी झाडीत दडून होती आणि वर शत्रूचं विमान घिरट्या घालत होतं.

"झोपलीस का गं? मार ना," शेजारची मैत्रीण शेवया ओरपत म्हणाली.

"दाण्याएवढं दिसतंय तोवर गोळी पोचत नाही. उलट आपण कुठे लपलोय ते त्याला कळेल."

विमान वळून खाली झेपावलं. त्याच्या पंखांवरची चिन्हं दिसू लागली, तेव्हा नुरीने त्याच्या पुढच्या रिकाम्या आभाळात गोळ्या सोडल्या. विमान आपणहून त्यांत शिरलं.

आपण जेवायला बोलवायला आलोय हेच आजोबा विसरले. त्या दिवशीचं लक्ष्यही तांदळाच्या दाण्याएवढंच होतं.

'देओकसू, मी घाबरलो होतो हे खरं. पण ते लक्ष्य पल्ल्यातही नव्हतं, हे आज नातीने दाखवलं. तुझ्या आईबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.' एवढंच लिहून त्यांनी संध्याकाळी पत्र पेटीत टाकलं.