लाल कोटातला फोटो

"आधी पडदा लाव," नवरा म्हणाला.

खाली रस्त्यावर नाताळची तोबा गर्दी उसळली होती. तिने मुकाट्याने पडदा ओढला. एवढ्या गजबजलेल्या थंड हवेच्या गावी यायचं आणि खोलीत कोंडून घ्यायचं, ही कसली बाई सुट्टी! पण त्याचं आपलं एकच. "गर्दीत कुणी कुणाकडे बघत नाही. आपल्या तिघांना निवांतपणा हवा." फोन बंद, जेवण खोलीतच. बाहेर पडलाच तर टोपी पार भुवयांपर्यंत.

तिने तेही गोड मानून घेतलं. लग्न नुकतंच झालेलं. त्याची पहिली बायको तापाने वारली, तेव्हापासून माणूस बुजला असेल, अशी ती स्वतःची समजूत घालायची. तिचा जीव अडकला होता चिमणीत. त्याची ही लेक अजून तिला 'मावशी'च म्हणायची. त्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'आई' ऐकायला ती आसुसली होती. पण आईचा विषय निघाला की पोर बापाकडे बघायची आणि ओठ मिटून घ्यायची.

शिवणकाम हा तिचा धंदा. चिमणीसाठी तिने जीव ओतून लाल लोकरी कोट शिवला होता. काल नवरा अंघोळीला गेल्यावर ती पोरीला तो घालून गुपचूप खाली उतरली. चौकातला फोटोवाला पर्यटकांचे फोटो काढून फळ्यावर लावायचा, नेटवरही टाकायचा. ज्याला हवा त्याने विकत घ्यावा.

"काय झकास कोट आहे हो, ताई! कुणी शिवला?"

झालं, बाई विरघळली. "मीच! काढा की फोटो. चांगला मोठा करून लावा."

चिमणी हसली नाही. कॅमेऱ्याकडे एकटक बघत राहिली.

आज तिने मोठ्या कौतुकाने नवऱ्याला ते सांगितलं, तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अक्कल गहाण टाकलीस का?" तो पुटपुटला. आवाजात रागापेक्षा भीतीच जास्त होती. "सामान भर. आत्ताच्या आत्ता. मी गाडी आणतो."

तो तरातरा निघून गेला. एका फोटोसाठी एवढा गहजब? तिला रडूच फुटलं. निदान तो फोटो तरी घेऊन जाऊ, म्हणून तिने चिमणीचा हात धरला आणि तडक चौक गाठला.

गर्दीतून वाट काढता काढता चिमणी थबकली. तिचे डोळे विस्फारले, चेहरा उजळला.

"आई!"

तिला भरून आलं. सामान, नवऱ्याचा राग, सगळं विसरून ती भर रस्त्यात गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात पसरले.

चिमणी तिला ओलांडून सुसाट धावत गेली, फळ्यापाशी पोलिसाशेजारी तो फोटो छातीशी कवटाळून उभ्या असलेल्या बाईकडे.