मास्तरांचा खोकला

"परत खोकला बघ," रोइलानची आई पुठ्ठ्याने वारा घेत इदाल्मीसच्या कानाशी पुटपुटली. "सर्दी नाही, पडसं नाही. म्हाताऱ्याच्या घशाला बुद्धिबळ झालंय."

इदाल्मीसबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हिबारा गावातल्या दोन प्राथमिक शाळांचा हा दरवर्षीचा मैत्रीचा सामना. बक्षीस म्हणजे एक केक, तोही शेवटी सगळ्यांनी मिळूनच खायचा. यंदा सामना त्यांच्या शाळेच्या अंगणात, म्हणून पंचही त्याच. शेवटच्या पटावर त्यांचा रोइलान, समोर बंदराच्या धक्क्याकडच्या शाळेतली यानेलिस. पोरीचा हात सोंगटीकडे जायचा, मागून तिचे आजोबा खोकायचे, हात हवेतच थांबायचा. मग चाल व्हायची, आणि रोइलानचं आणखी एक मोहरं गारद.

आजोबा म्हणजे एवेलिओ मास्तर. घोड्याची अडीच घरं अर्ध्या गावाला त्यांनीच शिकवलेली, इदाल्मीसलाही. चौकातल्या बाकावर हल्ली त्यांना हरवणं कुणाला जमत नव्हतं. कुणी जमवतही नव्हतं.

अशा माणसाला काय बोलायचं? बाहेरून चाल सांगितली की डाव बाद, नियम सरळ होता. बोलावं तर नातीचा डाव जाणार, वर मास्तरांचं नाव जाणार. न बोलावं तर रोइलान समोर नाक ओढत बसलेला. पटावर लबाडी चालत नाही, हे त्याला बाईंनी शिकवलं होतं. बाईंना मास्तरांनी.

पुन्हा खोकला. बाई मास्तरांकडेच बघत होत्या. पटावर टक्कन काहीतरी वाजलं.

"मात," यानेलिस म्हणाली.

इदाल्मीस उठली. "मास्तर, तुमच्या खोकल्यापायी हा डाव मला बाद करावा लागेल."

हलणारे पुठ्ठे थांबले. यानेलिस एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण आजोबांकडे एकदा बघून तिने ओठ घट्ट मिटले. डाव गेला तर जाऊ दे, असे मिटले.

मास्तर टोपी काढून उभे राहिले. चक्क हसले.

"खोकलो, कबूल. पण त्या रोइलानला विचार. मी खोकलो की पोरगी आजोबाचा मान म्हणून जरा थांबायची, आणि धरायची होती तीच सोंगटी धरायची. दर वेळी. माझं ऐकलं असतं तर मघाशीच हरली असती."

रोइलानने नाक पुसत मान डोलावली. इदाल्मीस खाली बघायला लागली, रोइलानची आई आभाळाकडे.

"मला आता डाव कळत नाही, पोरी," मास्तर इदाल्मीसला म्हणाले. "पण बाकावर तुम्ही सगळे मुद्दाम हरता, ते कळतं. इतकं वाईट खेळायला मी कुणाला शिकवलेलं नाही."