सासूचा उखाणा

“नाव घे गं, नाव घे!” हळदीकुंकवाला जमलेल्या बायका नव्या सुनेभोवती कोंडाळं करून ओरडत होत्या. ऋजुतानं हातातली गुलाबदाणी खाली ठेवली, तिचा श्वास आखूड झाला. तिला पॅनिक अटॅक येतात, हे तिनं लग्नाआधीच मला सांगितलं होतं.

मी मध्ये घुसले. “थांबा, आधी सासूचा मान!” आणि सुचलं ते ठोकून दिलं:

“चांदीच्या वाटीत केशरदूध गार,
ऋजुताचं नाव घेते, उघडा कुणी दार!”

हशा पिकला. कुणीतरी खरंच दार उघडलं. तिचा घामेजलेला हात श्वास जागेवर येईपर्यंत मी धरून ठेवला. मग ती हळूच म्हणाली,

“आई, उखाण्यात सुनेचं नाव? बाबा रुसतील ना!”

“रुसू देत. तीस वर्षं त्यांचंच घेतेय.”