सगळ्यांना पोटभर

"रविवारी कसली गं प्रयोगशाळा?" आई दर आठवड्याला कुरकुरायची.

"अगं, पेशींना खायला घालायचं असतं. नाही घातलं तर मरतात त्या."

"स्वतः उपाशी पळतेस आणि बशीतल्या ठिपक्यांचे लाड करतेस!"

बाबा गेल्यानंतर महिन्याभराने भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी ह्यांनी सही केली होती ना, काढलेली गाठ संशोधनाला द्या म्हणून? ती तुमच्याकडेच आली का गं?"

"हो. तिच्यातल्या पेशी वाढवतोय आम्ही. पण बशीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. बाबांच्या कुठल्या, ते मलाही कळत नाही."

आई देठं तेवढी गोळा करत राहिली.

रविवारी तिनेच माझं पांघरूण ओढलं.

"ऊठ, नऊ वाजले. कुठल्या बशीत आहेत माहीत नाही ना? मग सगळ्यांनाच पोटभर घाल. आणि वेळेवर घाल बाई. जेवायला जरा उशीर झाला, की घर डोक्यावर घेतात हे."