एक हजार नऊ जणी

बारा-बाराच्या चौऱ्याऐंशी रांगा लागल्या आणि उरल्या एकट्या सासूबाई. महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून त्या मैदानावर सगळ्यांत शेवटी आल्या होत्या, गळ्यात हार आणि हातात लेझीम.

"चौदाच्या कर," त्या म्हणाल्या. शाळेत गणित शिकवणाऱ्या शर्वरीने चौदाच्या केल्या. उरल्या सासूबाई. अठ्ठावीसच्या केल्या. पुन्हा सासूबाईच.

"मुद्दाम करतेस ना गं?"

"अहो आई, एक हजार नऊ ही मूळ संख्या आहे. तिला एकाने भाग जातो, नाहीतर तिचा तिनेच. बाकी कशाच्याही रांगा केल्या तरी कोणीतरी उरणारच."

"पण मीच का?"

याला मात्र गणितात उत्तर नव्हतं. लेझीम-विक्रमाचे परीक्षक घड्याळ बघत होते. नोंदवलेल्या सगळ्या जणी खेळल्या पाहिजेत आणि रांगा सारख्याच हव्यात, एवढाच त्यांचा नियम.

"एकाने जातो म्हणालीस?" सासूबाईंनी पदर खोचला. "मग एकच रांग कर. मी पहिली. आणि तू, शहाणे, शेवटची!"

रांग मैदानाबाहेर पडली, बाजारातून गेली आणि पूल ओलांडून शेजारच्या गावात शिरली. परीक्षक मोटरसायकलवरून मोजत निघाले. एक हजार आठवी बाई पिठाच्या गिरणीपाशी उभी राहिली. शिक्षा म्हणून मिळालेली पुढची जागा नेमकी शर्वरीच्या माहेरच्या दारात आली.

"अगंबाई, न कळवता आलीस?" आईने विचारलं.

"लेझीम संपेपर्यंतच आहे गं."

विक्रम अकरा मिनिटांत झाला. शर्वरी रविवारपर्यंत राहिली.