तात्यारावांच्या गाडीचा निळा धूर

सिद्धाराम भजी खाऊन गॅरेजवर परतला, तेव्हा तात्यारावांची जुनी टर्बो जीप लिंबाखाली उभी होती. तात्याराव बाकड्यावर बसलेले, बायको सुमनबाई शेजारी उभ्या. आणि त्यांचा पोरगा संघपाल बोनेटला टेकून सारखं घड्याळ बघत होता. स्वतःच्या गाडीनं पुण्याहून हैदराबादला निघाला होता, तो आईबापाला इथं बोलावून मुद्दाम नळदुर्गात थांबला होता.

"सिद्धाराम, आज काय तो निकाल लावून टाक," संघपाल म्हणाला. "गावातनं फोन येतात मला. ह्यांची गाडी निघाली की सगळी आळी निळी होते म्हणं. इंजिन बसलं असंल तर घाल भंगारात. मग परत येताना ह्या दोघांना मी पुण्याला घेऊन जातो. कायमचं."

सुमनबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर मागच्या खेपेला त्यांचा जीव नुसता गुदमरला होता. इथं गाव पडलं आडबाजूला, एसटी येईल तेव्हा खरी. ही गाडी होती म्हणून बाजार, दवाखाना, पौर्णिमेला विहारात जाणं, सगळं निभत होतं. गाडी गेली की घरही सुटलंच म्हणायचं.

चहा आला. सुमनबाईंनी कप तात्यारावांच्या हातात दिला, त्यांची बोटं वरून दाबली. "गरम हाय. नीट धरा."

"हे बघा," सिद्धारामनं बोनेट उचललं, "काळा धूर डिझेलचा, पांढरा पाण्याचा. निळा म्हटलं की ऑइल जळतंय. पण ते शिरतंय कुठनं, तीच खरी मेख. तात्या, धूर कधी येतो? सकाळी चालू करताना?"

तात्यारावांनी घसा खाकरला. उत्तर दिलं सुमनबाईंनी.

"सकाळी न्हाय. चढालाबी न्हाय. उताराला पाय काढला आन परत दाबला, की आरशात मागं निळं निळं दिसतं बघ."

"आता गं बया! काकू, तुम्हीच मिस्त्री व्हा की," सिद्धाराम हसला. नवऱ्याशेजारी बसून बसून बायकाही शहाण्या होतात, असं त्याला वाटलं.

"आई, तू सावलीला जाऊन बस," संघपाल वैतागला. "बाबांना विचारू दे त्याला."

पण बाईंनी सांगितलेलं बिनचूक होतं. सकाळी धूर नाही, म्हणजे व्हॉल्व्हचे सील धड. चढाला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगाही शाबूत. इंजिन वाचलं होतं.

"तात्या, बसा गाडीत. रेस द्या, मी मागं थांबतो."

"तूच बस. मी हितनंच ऐकतो."

सिद्धारामनं गाडी बराच वेळ नुसती चालू ठेवली आणि मग एकदम रेस दिली. मागं भला मोठा निळा ढग निघाला. तात्यारावांनी मान तिरकी करून कान दिला.

"शिट्टी चिरकतीय. टर्बोच असणार."

टर्बोच होता. इंजिनात हवा कोंबणाऱ्या त्या पंख्याची नळी काढली तर आत ऑइलच ऑइल, आणि पात्याचा दांडा डुगडुगत होता.

"रागावू नका तात्या," सिद्धाराम हात पुसत म्हणाला. "गाडी पळवत आणायची आन आल्या आल्या खटकन चावी फिरवायची, असं चाललंय. टर्बो गरगर फिरत असतो आन त्याचं ऑइलच तुटतं. जरा दम खाऊ दिला असता, तर ही पाळी आली नसती."

"बाबा!" संघपाल उसळला. "मला शिकवताना ह्याच गोष्टीसाठी तुम्ही माझा कान पिळला होता! कोण चालवतं गाडी? खरं सांगा, कुणाला देता?"

सुमनबाईंनी पदर सारखा केला. काहीतरी बोलायला त्या पुढं सरकल्या, तोच तात्यारावांनी हात वर केला.

"कुणाला देणार? मीच. आताशा ध्यानात राहत न्हाई."

सिद्धारामला लई वाईट वाटलं. ह्या माणसानं उभी हयात एसटी हाकली, कधी साधा ओरखडा नाही. त्यानं चारचौघांत हे कबूल करायचं म्हणजे हातानं नाक कापून घेणंच की. आपण थोबाड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

"विसरायला व्हतंय तर मग पुण्यालाच..." संघपालनं सुरू केलं.

"अवो, विसर कुणाला पडत न्हाई?" सिद्धाराम मधी पडला. "इंजिन वाघासारखं हाय. सोलापूरवरनं टर्बो मागवतो, आजच्या आज बसवतो. जबाबदारी माझी."

संघपालनं परत घड्याळ बघितलं. "ठीक हाय. पण परत एक जरी फोन आला, तर मी कुणाचं ऐकणार न्हाई." त्यानं जय भीम केला आणि त्याची गाडी हैदराबादच्या वाटेला, उमरग्याच्या दिशेनं गेली.

उन्हं कलली तेव्हा नवा टर्बो बसला. सिद्धारामनं तुळजापूर रोडला चक्कर मारली. धुराचं नाव नाही.

"घ्या तात्या," त्यानं चावी दिली. "आता बिनघोर जावा घरला."

तात्यारावांनी चावी घेतली आणि तशीच बाजूला धरली. सुमनबाईंनी ती उचलली. पदर कमरेला खोचला, स्टेअरिंगच्या बाजूचं दार उघडून त्या आत बसल्या, सीट पुढं ओढली, आरसा आपल्या मापाचा केला आणि सफाईनं गाडी चालू केली.

सिद्धारामचा आ वासलेलाच राहिला. "तात्या... काकू?"

"संघपालला बोलू नगंस, एवढं माझ्यासाठी कर." तात्याराव उठले. गाडीचा पत्रा चाचपत दोन पावलं गेले आणि थांबले. "आन जरा हात धर बाबा माझा. दार कुठल्या अंगाला हाय?"