रेडिओ टिटवीच्या नावचं पत्र

१९७८ साल, जानेवारीतला शनिवार. हॉलंडच्या ट्वेंटे भागातल्या आमच्या गावात, मानेसच्या स्वयंपाकघरात, सरकारी तपासनीस तेर्पस्त्रा बसला होता. दोन तास शोधूनही त्याच्या हाती काही लागलेलं नव्हतं.

बिनपरवाना रेडिओ केंद्र तेव्हा आमच्याकडे दर तिसऱ्या गोठ्यात होतं. मानेसच्या केंद्राचं नाव टिटवी. रविवारी संध्याकाळी तो वॉल्ट्झची गाणी लावायचा आणि गावातल्या म्हाताऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचा. प्रक्षेपणाचं यंत्र जोडण्यात त्याचे दोन हिवाळे गेले होते.

"आणि त्या दोन झाडांच्या शेंड्यांमधली तार?" तेर्पस्त्राने विचारलं.

"कपडे वाळत घालायची," मानेस म्हणाला.

"चौदा मीटरवर? बाई एवढ्या उंच दिसत नाहीत."

"शिडी आहे," मानेसची बायको फेना म्हणाली. तिने त्याच्या कपात कॉफी ओतली. बशीत बिस्किट एकच ठेवलं.

तेवढ्यात मागच्या दाराने पोस्टमन बेर्टुस आत आला. "मानेस, ओळख बघू कुठून आलंय—" म्हणता म्हणता त्याला साहेबाची टोपी दिसली. त्याने हातातलं पाकीट थैलीकडे नेलं.

"थांब," तेर्पस्त्रा म्हणाला. "काय आहे ते?"

"रजिस्टर पत्र. दुसऱ्या घरचं आहे, साहेब. चुकून इकडे आलो."

"पोस्ट आणि आम्ही एकाच खात्याचे, बाबा. पत्ता वाच."

बेर्टुसने समन्स वाचावं तसं वाचलं. "रेडिओ टिटवी. ट्वेंटे, हॉलंड." मग त्याला राहवलं नाही. "फिनलंडहून आलंय."

असल्या छोट्या केंद्रांचा माग काढणारी माणसं तेव्हा जगभर होती. रेडिओला कान लावून बसायची, कितव्या मिनिटाला काय ऐकू आलं ते टिपून पत्राने कळवायची. हकिगत बरोबर असली तर केंद्राने सहीचं कार्ड पाठवायचं, ही रीत. तोवर मानेसला सर्वांत लांबून आलेलं पत्र शेजारच्या जर्मनीतल्या ब्रेमेनचं होतं. ब्रेमेनला सायकलनेही जाता येतं. फिनलंडपर्यंत आपला आवाज गेला हे ऐकून त्याचे कान लाल झाले.

"मग कुणाचं हे?" तेर्पस्त्राने विचारलं.

"सही करील त्याचं."

"आणि कुणीच केली नाही तर?"

"मालक सापडला नाही असा शिक्का मारायचा, आणि परत."

तेर्पस्त्राने बिस्किटाचे दोन तुकडे केले. "मला घाई नाही," तो म्हणाला.

मानेसने पत्राकडे पाहिलं. खिडकीतून गोठ्याकडे पाहिलं. "आमचं नाही," तो म्हणाला.

बेर्टुसने पाकीट थैलीत टाकलं. थैलीचा पट्टा लावायला त्याला बराच वेळ लागला.

"पेन दे," फेना म्हणाली.

"फेना, गप्प बस."

"दोन वर्षं गप्पच बसलेय. दे रे पेन."

"वहिनी, विचार करा जरा."

"तू पोस्टमन आहेस ना? मग पत्र दे."

तिने एप्रनला हात पुसले आणि सही केली. माहेरच्या आडनावासकट.

"बाई, आपण काय कबूल केलंत ते कळतंय ना?" तेर्पस्त्रा म्हणाला.

"कळतंय. हे मात्र कळत नाही." तिने पाकीट फोडून कागद त्याच्यापुढे सरकवला. पत्र इंग्रजीत होतं. "तुम्ही शिकलेले आहात. वाचा."

तेर्पस्त्राने चष्मा लावला आणि एकेक ओळ आमच्या भाषेत सांगत गेला. "अठरा डिसेंबर, तुमच्या घड्याळाने पाच बत्तीस. अकॉर्डियनवर वॉल्ट्झ. आवाज क्षीण. पाच चाळीस..." तो थांबला. "पाच चाळीसला एक बाई ओरडल्या. बोलणाऱ्या गृहस्थांपेक्षा त्या स्पष्ट ऐकू आल्या. गाणं बंद पडलं. मग सव्वीस मिनिटं नुसती घरघर. मला तुमची भाषा येत नाही. मी रेडिओपाशीच बसून राहिलो. सगळं ठीक आहे ना?"

"गाय अडली होती," तेर्पस्त्रानेच विचारल्यासारखं फेना त्याला म्हणाली. "वासराचे मागचे पाय आधी आले. मी याला हाक मारली."

"मग?"

"दोघं वाचली."

मानेस उठला. बटाट्यांच्या ढिगाखालून त्याने स्वतःच यंत्र काढलं आणि तेर्पस्त्राच्या गाडीपर्यंत नेलं. "आडवं नका ठेवू," तो म्हणाला. "आतल्या काचेच्या नळ्या फुटतील."

खटल्यात टिटवीची चालक म्हणून फेनाचं नाव लागलं. हे यंत्र चालतं कसं, असं न्यायाधीशांनी विचारलं. ती म्हणाली, "बटण दाबलं की नवरा बोलायला लागतो." तिला दंड झाला. फिनलंडला कार्डही तिच्याच सहीचं गेलं.

मानेसने वर्षाच्या आत दुसरं यंत्र जोडलं. ते कधी पकडलं गेलं नाही. तो १९९९ मध्ये वारला. तेर्पस्त्रा निवृत्त होऊन आपल्या प्रांतात, फ्रीसलंडला परतला. तिथे त्याने मधमाश्या पाळल्याचं कानावर आलं. बेर्टुसचे गुडघे गेले, तो मुलीकडे राहायला गेला आणि तिथेच संपला. फिनलंडचा माणूस दर डिसेंबरात फेनाच्या नावे पत्र पाठवायचा. एका वर्षी ते आलं नाही.

फेना आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे, शहरात वृद्धांसाठी बांधलेल्या घरात राहते. मुलीने तिला नवा रेडिओ आणून दिलाय. त्यात खरखर म्हणून नाही. फेनाला तो फारसा आवडत नाही. म्हणते, सगळी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी बोलतात, लांबून कुणी येतच नाही.